केळीच्या धंद्यासाठी टॅब घ्यायचाय, कोणता घ्यावा?

केळीवाडा_सावदा

राम राम मंडळी. आमचा केळी खरेदीचा धंदा आहे. सावदा, रावेर, फैजपूर ते थेट यावलपर्यंत बागेत जाऊन माल घेतो, ट्रक भरतो आणि उत्तरेकडे पाठवतो. धंदा नीट चाललाय, पण हिशोब अजून वहीवर आहे. कापणी चालू असताना दिवाणजी बांधावर बसून वजनं लिहितात. संध्याकाळी वही गादीवर, म्हणजे आमच्या पेढीवर, येते आणि मुलगा ती वजनं टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवतो. चिकाने पानं चिकटलेली असतात, पाण्याचा थेंब पडून शाई पसरलेली असते, एकाचा नऊ वाचला जातो. मग रात्री शेतकऱ्याला फोन लावायचा, दादा, तिसऱ्या मापाला वजन किती होतं? त्याला पक्की पट्टी, म्हणजे वजन-भाव-रकमेची पावती, मिळायला दोन-तीन दिवस जातात. तोवर त्याच्या मनात शंका येणारच, आणि ती रास्तच आहे.

मला हे बदलायचंय. वजन झालं की तिथल्या तिथे छापील पट्टी शेतकऱ्याच्या हातात पडली पाहिजे आणि तीच नोंद गादीवरच्या कॉम्प्युटरवर दिसली पाहिजे. त्यासाठी तीन टॅब घ्यायचेत, दोन कापणीच्या टोळ्यांसोबत बागेत आणि एक माझ्याकडे. बजेट एकेकी २५ ते ३० हजार. धाकटा भाऊ म्हणतो आयपॅड घे, पुढची पाच-सहा वर्षं बघायला नको. मेहुणे म्हणतात विंडोजचा घे, त्यात टॅली चालेल. दुकानदार रॅम आणि कॅमेऱ्याच्या पुढे जात नाही. धंद्यात रोज टॅब वापरणाऱ्यांनी कृपया सांगा.

तापीकाठ

मोठा मोबाइल का नाही? पावणेसात इंची सहज मिळतो. खिशात मावतो, सिम तर असतंच.

केळीवाडा_सावदा

तापीकाठ, दिवाणजींची साठी उलटली आहे. मोबाइलवर आकडा टाकताना चष्मा सारखा वर-खाली करतात. शिवाय मधेच फोन वाजला की नोंद अर्धवट राहते. आणि आकडा शेतकऱ्यालाही दिसायला हवा, तो दोन हात लांब उभा असतो.

सराफकट्टा_जळगाव

माझं मत आयपॅडला. आमच्या पेढीत काउंटरवर गिऱ्हाईकाला डिझाइन दाखवायला तोच आहे. सोन्याचा रंग जसाच्या तसा दिसतो, बोटांनी मोठं करून जडावाचं काम दाखवता येतं. गाइडेड ॲक्सेस नावाची सोय आहे, ती लावली की टॅब एकाच ॲपमध्ये बंद राहतो, गिऱ्हाईकाच्या पोराच्या हातात दिला तरी चिंता नाही. अपडेट वर्षानुवर्षं येत राहतात. मे २०२५ पासून व्हॉट्सॲपही आयपॅडवर स्वतंत्र ॲप म्हणून आलंय, आधी ती मोठी अडचण होती. मार्च २०२५ मध्ये आलेला साधा आयपॅड, ए१६ चिपचा, १२८ जीबीपासून सुरू होतो आणि पस्तीस हजारांच्या आसपास पडतो. तुमच्या बजेटच्या थोडा वर, पण पुढे विकायला काढला तरी भाव येतो.

भुसावळ_लोको

सराफभाऊ, पेढीत एसी आहे. ॲपल स्वतःच सांगतं की आयपॅड ० ते ३५ अंश तापमानात वापरावा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो. सावलीत बसलं तरी ३५ कुठून आणायचे?

केळीवाडा_सावदा

बागेच्या आत गारवा असतो, पण काटा बांधावर ट्रकजवळ लागतो. तिथे डोक्यावर काही नसतं. हा मुद्दा मोठा आहे, लोकोभाऊ.

दुरुस्ती_धुळे

मी धुळ्यात मोबाइल-टॅबची दुरुस्ती करतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

ऊन एकट्या आयपॅडला लागतं असं नाही. कोणताही टॅब तापला की आधी स्क्रीनचा उजेड कमी करतो, मग चार्जिंग थांबवतो आणि शेवटी बंद होतो. हे तो स्वतःला वाचवायला करतो. खरं नुकसान बॅटरीचं होतं. उन्हाळ्यात माझ्याकडे फुगलेल्या बॅटरीचे टॅब येतात आणि त्यातले बरेचसे गाडीच्या डॅशबोर्डवर चार्जिंगला लावून ठेवलेले असतात. काचा बंद, वरून ऊन, आतून चार्जिंगची गरमी. मागचं झाकण किंवा स्क्रीन उचललेली दिसली तर टॅब लगेच बंद करा. दाबून बसवू नका, चार्जिंगला लावू नका, थेट दुरुस्तीला आणा. बागेत नेताना रात्री चार्ज करून न्या, दुपारी लागलीच तर सावलीत पॉवर बँकेवर.

स्क्रीनचं सांगतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच स्क्रीन छान दिसतात. दुकानदाराला सांगा, दुपारी बारा-एकला टॅब रस्त्यावर उन्हात घेऊन या, पांढऱ्या पानावर काळे आकडे उघडा आणि हातभर अंतरावरून वाचा. वाचता आले तरच पुढचं बोला. चकचकीत काचेवर मॅट गार्ड लावलं तर चमक बरीच कमी होते. ॲपची काळी थीम बंद ठेवा, उन्हात पांढऱ्यावर काळंच वाचता येतं.

आता चीक. चिकाने भरलेलं ओलं बोट स्क्रीनला नीट कळत नाही, दोनदा दाबलं जातं किंवा दाबलंच जात नाही. वाळला की तपकिरी थर बसतो. बागेत हाताचा चीक काढायला तेल नाहीतर रॉकेल लावतात आणि त्याच फडक्याने स्क्रीन पुसतात. त्याने काचेवरचा पातळ लेप जातो. मऊ कापड साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळायचं आणि टॅब बंद करून पुसायचं. त्यापेक्षा दिवाणजींना सरळ स्टायलस द्या. आयुष्यभर पेन धरलाय, हात लगेच बसेल.

मॉडेलचं म्हणाल तर सॅमसंगचा ए९ प्लस ११ इंची आहे, ५जी सिमचा मिळतो, मेमरी कार्ड घालता येतं, बजेटात बसतो. त्याला सॅमसंगचा एस पेन चालत नाही, साधा रबरी टोकाचा स्टायलस चालतो. एस९ एफईला पेन डब्यातच येतो आणि आयपी६८ असल्यामुळे धूळ-पाण्याची काळजी कमी, पण किंमत वर जाते. शेतातल्या कामासाठी म्हणून बनवलेला टॅब ॲक्टिव्ह५ आहे, ८ इंची. बॅटरी काढून दुसरी घालता येते, हातमोजे घालूनही चालतो, आदळआपट सोसतो. तो तुमच्या बजेटच्या बाहेर आहे. मी असतो तर बागेसाठी ए९ प्लस आणि त्यावर जाड रबरी कव्हर घेतलं असतं.

अमळनेर_भो

दुरुस्तीभाऊ, भलतं कामनं सांगं तुम्ही. मना टॅब बी गाडीमाच ऱ्हास. आत्तेच काढी लेस.

हिशोबनीस_जळगाव

मेहुण्यांच्या मुद्द्यावर बोलतो. टॅलीप्राइम विंडोजवर चालतं, अँड्रॉइडवर किंवा आयपॅडवर ते टाकता येत नाही, इतपत ते बरोबर आहेत. पण बागेत टॅली लागतंच कशाला? बागेत लागते ती नोंद. तारीख, शेतकरी, गाव, बागेचा प्रकार (नवती की पिलबाग की कांदेबाग), माप क्रमांक, वजन, भाव. ही नोंद गूगल शीटमध्ये किंवा गूगलच्याच ॲपशीट या ॲप बनवायच्या साधनावर बनवलेल्या साध्या फॉर्ममध्ये होते. संध्याकाळी तिचं एक्सेल करायचं आणि टॅलीत घ्यायचं. टॅलीप्राइम ४.० पासून एक्सेलमधून थेट आयात होते. रकाने एकदा जुळवून ठेवले की रोज तेच चालतात. मुलाचं काम टायपिंगवरून ताळा करण्यावर येईल, आणि ते काम महत्त्वाचं आहे, ते सोडू नका. बाहेरगावी असताना तुम्हाला बाकी बघायची असेल तर टॅलीचे रिपोर्ट ब्राउझरमध्येही उघडतात.

दोन बारीक गोष्टी. १०.१ इंचापेक्षा मोठ्या स्क्रीनवर मायक्रोसॉफ्टच्या एक्सेल ॲपमध्ये बदल करायला वर्गणी लागते, त्याखाली फुकट आहे. ११ इंची टॅब घेणार असाल तर गूगल शीट धरून चला.

दुसरी कराची. टॅबवर १८ टक्के जीएसटी आहे. सुक्या मिरचीचे व्यापारी, सराफ यांनी आपला जीएसटी नंबर टाकून बिल घेतलं तर त्यांना तो कर परत धरता येतो. ताजी केळी करमुक्त असल्यामुळे फक्त केळीचा धंदा असेल तर तुम्हाला ते क्रेडिट मिळत नाही. क्रेडिट वजा करून टॅब एवढ्याला पडेल असं दुकानदार सांगत असेल तर तो हिशोब तुमच्यासाठी नाही. बिल मात्र फर्मच्या नावानेच घ्या. कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो, वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्मा. टॅब त्यात कसा धरायचा ते तुमच्या सीएशी बोलून घ्या.

चोपडा_जिनिंग

हिशोबनीस दादा, बागेसाठी तुमचं पटतं, ऑफिससाठी नाही. मी आमच्या जिनिंगचं ऑफिस बघते. माझ्याकडे विंडोजचा टू-इन-वन आहे, कीबोर्ड काढला की टॅब. आमची फर्म प्रायव्हेट लिमिटेड असल्यामुळे जीएसटी रिटर्नला डीएससी, म्हणजे डिजिटल सही, लागते, आणि आमचा तो यूएसबी टोकन विंडोजवरच चालतो. आमच्या एक्सेलमध्ये मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या सूचना, आहेत, तेही टॅबच्या एक्सेल ॲपमध्ये चालत नाहीत. साधा टॅब घेतला असता तर प्रत्येक कामाला पुन्हा कॉम्प्युटरसमोर जाऊन बसावं लागलं असतं.

केळीवाडा दादा, तिन्ही टॅब एकसारखे घ्यायचा आग्रह धरू नका. बागेतले दोन वजनं घ्यायला आहेत, ते अँड्रॉइडच घ्या. तिसरा नेमका कशासाठी ते आधी ठरवा. नुसती बाकी बघायची आणि व्यापाऱ्यांशी बोलायचं तर तोही अँड्रॉइड. बिलं, बँक, रिटर्न त्यावर करायचं तर विंडोज, आणि मग ८ जीबी रॅमच्या खाली जाऊ नका. ४ जीबीत टॅली आणि ब्राउझर एकत्र उघडलं की यंत्र रांगायला लागतं.

आणखी एक, पंखा असलेलं मशीन धुळीत नेऊ नका. आमच्याकडे रुईचे तंतू जाळीत जाऊन बसतात आणि हवा कोंडते. अँड्रॉइड टॅबला पंखाच नसतो, तेवढं एक बरं.

हिशोबनीस_जळगाव

ताई, डीएससीचा मुद्दा योग्य. केळीवाडा भाऊंची फर्म मालकीची किंवा भागीदारीची असेल तर ओटीपीवर काम होतं, टोकन लागत नाही.

केळीवाडा_सावदा

भागीदारी आहे. म्हणजे तिसरा टॅबही अँड्रॉइडच चालेल. ताई, आभारी आहे, तिन्ही एकाच मापाने मोजत होतो.

मिरचीपथारी_नंदुरबार

प्रिंटरचं कोणीच बोललं नाही, आणि भाऊंचं सगळं काम पट्टीवर उभं आहे.

आमच्याकडे हंगामात ओली मिरची येते, काट्यावरून उतरली की जागेवर पावती देतो आणि माल वाळवायला पथारीवर पसरायला जातो. ब्लूटूथ थर्मल प्रिंटर दोन मापांत मिळतात, ५८ मिलिमीटर आणि ८० मिलिमीटरचा कागद, बाजारात त्यांना २ इंची आणि ३ इंची म्हणतात. स्वस्तातले ब्लूटूथ प्रिंटर अँड्रॉइडला पटकन जोडले जातात. आयपॅडला त्यातले बहुतेक जोडले जात नाहीत, ॲपलने मान्यता दिलेला प्रिंटर घ्यावा लागतो आणि तो महाग पडतो. आमच्यासाठी आयपॅडचा विषय तिथेच संपला.

मराठीचंही बघा. साध्या प्रिंटरच्या पोटात देवनागरी अक्षरं नसतात, नुसते चौकोन नाहीतर भलतीच चिन्हं छापली जातात. ॲपने आख्खी पट्टी चित्र करून पाठवली तरच मराठी नीट उमटते. पैसे देण्याआधी दुकानात 'ज्ञानेश्वर', 'कृष्णा' अशी जोडाक्षरी नावं छापून बघा. जोडाक्षर तुटलं तर तो ॲप किंवा प्रिंटर नको.

आणि थर्मल कागद टिकत नाही. उन्हात काळा पडतो, घरात ठेवला तरी पुढे पुसट होत जातो. म्हणून छापील पट्टी द्या आणि लगेच तीच पीडीएफ शेतकऱ्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. शेतकऱ्याने वर्षाचा हिशोब काढायला बसावं आणि हातात कोरा कागद यावा, हे बरं नाही.

सराफकट्टा_जळगाव

मिरचीभाऊ, प्रिंटरचा मुद्दा मान्य. आमचा प्रिंटर कॉम्प्युटरला जोडलेला असतो, म्हणून हे आड आलं नाही. तरी अपडेटचं मी सोडणार नाही. स्वस्त टॅब घ्याल तर त्याला सिक्युरिटी अपडेट कधीपर्यंत मिळणार ते कंपनीच्या वेबसाइटवर बघूनच घ्या. धंद्याचा हिशोब आणि शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक त्यात असणार.

दुरुस्ती_धुळे

हे सराफभाऊंनी अगदी योग्य सांगितलं.

शिरपूर_टेक्सटाइल

घेण्याआधी जिल्ह्यात सर्व्हिस सेंटर आहे का ते विचारा. आम्ही एका कंपनीचे टॅब घेतले, स्क्रीन फुटली तेव्हा कळलं की जवळचं केंद्र नाशिकला. सुटा भाग येईपर्यंत टॅब तिकडेच पडून. ऐन हंगामात हे परवडत नाही. दोन टोळ्या असतील तर तिसरा टॅब राखीव म्हणूनही तयार ठेवा, त्यात सगळे ॲप आधीच टाकून.

तोरणमाळ_वाट

मी बियाण्यांच्या विक्रीसाठी धडगाव, अक्कलकुवा, मोलगी या भागात फिरतो. डोंगर लागला की रेंज जाते. केळीपट्ट्यात रेंज बरी असते, तरी दाट बागेत कमी-जास्त होतेच. म्हणून रेंज नसताना नोंद घेणारं ॲपच घ्या. ॲपशीट नोंद टॅबमध्ये साठवतं आणि रेंज आली की वर पाठवतं. गूगल शीटला ऑफलाइनची खूण आधी करून ठेवावी लागते, ऐनवेळी होत नाही.

नुसत्या वायफायचा टॅब घेऊ नका. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवस काढला की मोबाइलची बॅटरी दुपारीच बसते, आणि दिवाणजींचा मोबाइल बंद म्हणजे ट्रकवाल्याशी बोलणं बंद. यूपीआयचं ॲप चालू करतानाही सिमवरून मेसेज जावा लागतो. वायफायच्या आयपॅडला जीपीएस नसतं, सिमवाल्याला असतं. इतर कंपन्यांचंही तपासून घ्या, म्हणजे पट्टीवर बागेचं ठिकाण आपोआप येईल. आयपॅडच्या नव्या सिमवाल्या मॉडेलला फक्त ई-सिम लागतं. आपल्याकडे एका कंपनीची रेंज गेली की सिम काढून दुसरं टाकायची सवय आहे, ते त्यात होत नाही.

आणि एक गोष्ट पहिल्या दिवशीच ठरवा. दोन टॅब रेंजबाहेर असताना दोन्हीकडे पट्टी क्रमांक १०१ तयार होतो. संध्याकाळी दोन्ही वर गेल्या की गोंधळ. प्रत्येक टॅबला वेगळी मालिका द्या, एकाला 'अ', दुसऱ्याला 'ब'.

हिशोबनीस_जळगाव

वाटभाऊंचा शेवटचा मुद्दा मी लिहून घेतलाय. हे आमच्या एका पक्षकाराकडे झालेलं आहे आणि मार्चअखेरीस निस्तरावं लागलं.

फैजपूर_पाटील

काट्यातून वजन सरळ टॅबमध्ये नाही का घेता येत? म्हणजे कोणी टायपच करायला नको.

तोरणमाळ_वाट

येतं पाटील. बऱ्याच इलेक्ट्रॉनिक काट्यांना मागे आरएस-२३२चं तोंड असतं, त्याला ब्लूटूथचा जोड लावून किंवा यूएसबी कन्व्हर्टरने अँड्रॉइड टॅबला वजन देता येतं. ॲपला ते वाचता यायला हवं, त्यासाठी प्रोग्रॅम करणारा माणूस लागतो. पहिल्या हंगामात हाताने टाका, दुसऱ्या हंगामात हे करा.

मिरचीपथारी_नंदुरबार

आणि काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का दर वर्षी ताजा पाहिजे. टॅब कितीही चांगला घेतला तरी मूळ वजनावर विश्वास शिक्क्यानेच बसतो.

यावल_बागायतदार

मी दुसऱ्या बाजूने लिहितोय, केळी विकणाऱ्याच्या.

केळीवाडा दादा, पट्टी जागेवर द्यायची असं तुम्ही ठरवलंत, त्यासाठी आधी नमस्कार. आमच्या बागेत कापणी होते तेव्हा व्यापाऱ्याचा माणूस वहीत लिहितो, मी शेजारी उभा राहून मोबाइलमध्ये टिपतो. रात्री दोन्ही जुळत नाहीत. कोणी मुद्दाम करतो असं मी म्हणत नाही. पण वर्षभर करपा, थंडी आणि जूनच्या वादळातून वाचवलेला माल असतो, आकडा जुळला नाही की झोप येत नाही. भांडावं तर पुढच्या खेपेला माल उचलायला कोणी येणार नाही ही भीती. गप्प बसावं तर घरात उत्तर द्यावं लागतं.

म्हणून सांगतो, टॅब कोणता ते तुम्ही मंडळी ठरवा, पट्टीवर काय हवं ते मला सांगू द्या. प्रत्येक मापाचं वजन वेगळ्या ओळीत. घडाच्या दांड्याची वजावट किती आणि कोणत्या हिशोबाने, ती वेगळी. भाव कोणत्या तारखेच्या बोर्डाचा, म्हणजे जाहीर भावाचा, धरला ती तारीख. हमाली आणि इतर काही कापलं असेल तर त्याचं नाव आणि रक्कम. पैसे कधी मिळणार ती तारीख. नुसतं एकूण वजन आणि एकूण रक्कम छापून दिली तर आमच्यासाठी काही बदललं नाही.

भुसावळ_लोको

बागायतदार दादा, हा प्रतिसाद सगळ्यात वर चिकटवून ठेवायला हवा.

केळीवाडा_सावदा

दादा, तुमचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. ते म्हणाले, हे सगळं पट्टीवर आलंच पाहिजे, आणि पैशांची तारीख छापली की ती पाळायची जबाबदारी आपल्यावर. मला मनापासून हेच हवं होतं.

एक शंका आहे. पट्टी दिल्यानंतर आमच्याच माणसाने टॅबमध्ये आकडा बदलला तर? शेतकऱ्याकडे एक आणि गादीवर दुसरं, असं व्हायला नको.

तोरणमाळ_वाट

ॲपशीटमध्ये फक्त नवी नोंद टाकायची मुभा देता येते, जुनी बदलायची किंवा पुसायची नाही. दिवाणजींच्या लॉगिनला तेवढीच मुभा ठेवा. चूक झाली तर ती नोंद तशीच ठेवून दुरुस्तीची वेगळी नोंद करायची आणि तिचीही पट्टी द्यायची. गूगल शीटमध्ये बदलांचा इतिहास राहतो, कोणी कधी काय बदललं ते दिसतं. दोघांना एकच लॉगिन मात्र देऊ नका, नाहीतर नाव एकच दिसेल.

चोपडा_जिनिंग

आणि टॅबला स्क्रीन लॉक लावा. बांधावर तो दहा जणांच्या हातातून फिरतो. ॲप पिन करायची सोय अँड्रॉइडमध्येही आहे, सराफ दादांनी सांगितली तशीच. सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते.

अमळनेर_भो

यावलवाला दादा, पट्टी टाइमवर भेटनी ते आम्हले बागमा भरीतनं जेवण द्यानं पडी. कळण्यानी भाकर बी पाहिजे.

यावल_बागायतदार

भो, थंडी पडू द्या, वांगी येऊ द्या. सगळे या. पट्टी न मिळाली तरी या.

केळीवाडा_सावदा

मंडळी, धाकट्या भावाला आणि मेहुण्यांना सगळा धागा वाचायला दिला. ठरलं ते असं. बागेसाठी ५जी सिमवाले दोन अँड्रॉइड टॅब, ११ इंची, मॅट गार्ड, रबरी कव्हर आणि स्टायलससह. दुरुस्तीभाऊंनी सांगितलं तसं दुपारी उन्हात धरून बघणार, मगच पैसे देणार. तिसरा तसाच, तो माझ्याकडे राहील आणि गरज पडली तर बागेत जाईल. टॅली गादीवरच्या कॉम्प्युटरवरच. ॲपशीटचा फॉर्म मुलगा बनवतोय, त्यात बागायतदार दादांनी सांगितलेली प्रत्येक ओळ घेतली आहे. आयपॅड भावाला फार हवा होता, पण प्रिंटर आणि उन्हाचं वाचून तोही राजी झाला.

आता शेवटचं विचारतो. प्रिंटर २ इंची घ्यावा की ३ इंची? २ इंची कमरेला लावता येतो, दिवाणजींना तो आवडला.

मिरचीपथारी_नंदुरबार

३ इंची घ्या. माप, वजन, वजावट, निव्वळ वजन, असे चार रकाने मराठीत २ इंचात बसवायचे तर अक्षर बारीक करावं लागतं, आणि बारीक अक्षर उन्हात म्हाताऱ्या माणसाला वाचता येत नाही. ३ इंचीला खांद्याला अडकवायचा पट्टा मिळतो. रोल घेताना रुंदीसोबत जाडीही विचारा, जास्त जाड रोल छोट्या प्रिंटरच्या कप्प्यात बसत नाही.

दुरुस्ती_धुळे

आणि प्रिंटरही उन्हात ठेवू नका, त्यातही लिथियम बॅटरीच असते. काट्याशेजारी एक छत्री रोवा, टॅब, प्रिंटर आणि दिवाणजी तिघंही तिच्याखाली बसतील.